उघडला तो कंस मिटला पाहिजे

यंदाची दिवाळी आम्ही इस्लापूरला केली. हे गाव कुठे आले, असे आमच्या सोसायटीतल्या निदान चौघांनी तरी विचारले. त्यांना मी म्हटले, बाबांनो, तुमच्या-आमच्या गल्लीचे नाव संसदेने केलेल्या कुठल्या कायद्यात सापडायचे नाही; पण इस्लापूरचे सापडते. १९५६ चा राज्य पुनर्रचना कायदा काढा, त्याचे आठवे कलम पाहा. हैदराबाद राज्याचे तुकडे पडले, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातला किनवट तालुका, राजुरा तालुका आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर सर्कल अशी मोजून नावे घेऊन ही माणसे १ नोव्हेंबर १९५६ रोजी तेव्हाच्या मुंबई राज्यात आणली गेली. आज इस्लापूर नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात आहे. जवळच पैनगंगेवरचा सहस्रकुंडाचा धबधबा. नदीच्या पलीकडे विदर्भ. अलीकडे सागाचे रान आणि थोडे पुढे गेले की तेलंगण. बाजाराच्या दिवशी उभे राहिले तर मराठी, तेलुगू, दखनी, बंजारा, गोंडी आणि कोलामी अशा सहा बोली कानांवर पडतात, आणि भाजीवाली बाई त्यांतल्या चारांत तरी घासाघीस करते.

या गावी आमच्या थोरल्या आक्काला दिली, त्याला आता चाळीस वर्षे होऊन गेली. दाजी तिथेच मास्तर होते. एका ओळीत दोन अनुस्वार विसरले तर दहापैकी चार गुण देणारे मास्तर. निवृत्त झाल्यावर माणसे तीर्थयात्रेला जातात, नाहीतर सोसायटीच्या निवडणुकीला उभी राहतात. दाजींनी कोलामी भाषेचा शब्दकोश करायला घेतला. बारा वर्षे हा माणूस आपल्या जुनाट स्कूटरवर बसून कोलामांच्या पोडापोडांतून हिंडला. म्हाताऱ्याकोताऱ्यांपाशी बसायचे, बिडीकाडी पुढे करायची आणि एकेक शब्द उतरवून घ्यायचा. शब्द, त्याचा मराठी अर्थ, गोंडीत काय म्हणतात, कोणी सांगितला, कुठल्या पोडात, कोणत्या तारखेला, असे सहा रकाने. कोलामीत पाण्याला ‘ईर’ म्हणतात आणि गोंडीत ‘येर’, हे मला दाजींनी पहिल्यांदा सांगितले ते भर पंगतीत, हातात पाण्याचा तांब्या असताना.

मोठ्यांनी हे काम केलेलेच नाही असे नाही. एमेनो नावाच्या अमेरिकेतल्या पंडिताचे कोलामीवरचे पुस्तक १९५५ साली निघाले. पण ते वर्धेकडच्या कोलामीचे. आदिलाबादेत सेतुमाधवराव पगडींनी सरकारी अधिकारी असताना गोंडी शिकून घेतली आणि १९४९ साली तिथल्या गोंडांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. पगडी हे दाजींचे दैवत. ‘ते कलेक्टर कचेरीतून जंगलात गेले, मला तर जंगल दारातच आहे,’ असे ते म्हणतात.

तर धनत्रयोदशीच्या दुपारी आम्ही पोचलो. फराळाचे ताट आले, आक्का आली, पण दाजी ओसरीवरून उठले नाहीत. आक्काने डोळ्यांनीच मला गप्प बसवले, आणि मग स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगितले, ‘दोन दिस झाले, धड जेवले नाहीत. ते पुस्तक गेलं.’

झाले होते ते असे. वसुबारसेच्या संध्याकाळी दाजी शेवटचा हात फिरवून फाईल साठवत होते. संगणकाचा भरवसा नाही म्हणून ती ते एका पेनड्राइव्हवर ठेवीत. अगदी एकाच. साठवण्याची कळ दाबली आणि वीज गेली. पुन्हा आली तेव्हा फाईल होती, नावही होते, पण उघडेना. ‘फाईल बिघडली आहे’ एवढे एकच वाक्य. तुम्ही म्हणाल, वह्या असतील की! होत्या. पहिल्या नऊ वर्षांच्या वह्या ट्रंकेत ठेवल्या होत्या आणि त्या वाळवीने कधीच संपवल्या होत्या. शेवटच्या तीन वर्षांच्या तेवढ्या शिल्लक. बरे, पुन्हा जाऊन विचारावे, तर सांगणाऱ्यांपैकी निम्मी माणसे आता या जगात नाहीत. ‘त्या म्हातारीला मी कुठं शोधू?’ एवढेच दाजी मला म्हणाले, आणि पुन्हा अंगणाकडे पाहू लागले.

आमची भाची नांदेडला संगणकाचे शिक्षण घेते. ती सायंकाळच्या गाडीने आली. तिने बापाकडे पाहिले, पेनड्राइव्हकडे पाहिले आणि चप्पल न काढताच विचारले, ‘बाबा, यावर नंतर दुसरं काही लिहिलं नाही ना?’ दाजींनी मान हलवली. ‘मग बघू.’ तिचा स्वतःचा लॅपटॉप दुरुस्तीला पडलेला. घरात होता तो थोरल्या भाच्याने मागे ठेवलेला जुना संगणक, त्यावर लिनक्सची एक जुनी आवृत्ती. आधी तिने पेनड्राइव्हची जशीच्या तशी नक्कल केली आणि मूळ पेनड्राइव्ह देवघरात नेऊन ठेवला. आक्काने त्याला हळदकुंकू वाहिले. या घरात विज्ञान आणि अध्यात्म यांचे भांडण असे कधी झालेच नाही.

आता वाचकहो, इथे थोडे थांबावे लागेल, कारण पुढचे समजायला फाईल म्हणजे काय ते समजले पाहिजे. मलाही ते त्याच रात्री समजले, आणि ते आक्काच्या फराळाच्या डब्यांवरून.

आपण लेखासाठी जी फाईल करतो ती एक वस्तू नसतेच मुळी. लिबरऑफिससारख्या मुक्त साधनाने केलेला दस्तऐवज हे एक गाठोडे असते. आत निरनिराळी कागदपत्रे दाबून भरलेली: एकात अक्षरांचे आकार-उकार, एकात लेखकाचे नाव-तारीख, आणि एकात खरा मजकूर. गाठोड्यात काय कुठे आहे याची यादी असते, पण ती पहिल्या पानावर नसते, अगदी शेवटी असते. दाजींचे गाठोडे लिहिता लिहिता अर्ध्यात तुटले; शेवट गेला, तशी यादीही गेली. यादी नाही म्हटल्यावर लिबरऑफिसने हात वर केले. भाचीने यादीकडे न पाहता पहिल्या बाइटपासून हाताने चाचपडत जाणारे दुसरे साधन लावले, आणि मजकुराचा कागद बाहेर ओढला. अर्थात तुटला होता तिथपर्यंतच.

तो कागद तिने पडद्यावर उघडला आणि दाजी खुर्चीवरून उठलेच. ‘अगं, दिसतंय की! हा बघ ईर! हा बघ…’ दिसत होते खरे, पण कसे? एकही ओळ न तोडता, शब्दांच्या आगेमागे कंसांचे जंगल. इथे रकाना सुरू, इथे परिच्छेद सुरू, शब्द, परिच्छेद संपला, रकाना संपला. साडेतीनशे पानांचा कोश, आणि त्यातल्या प्रत्येक शब्दाला अशी चार-सहा कंसांची बेडी.

या कंसांच्या लिपीला एक्सएमएल म्हणतात. तिची वंशावळ जुनी आहे. १९६९ साली आयबीएममध्ये गोल्डफार्ब, मोशर आणि लोरी या तिघांनी कायद्याची कागदपत्रे यंत्राला कळावीत म्हणून अशा खुणांची पद्धत बसवली; १९८६ मध्ये तिच्या वाढवलेल्या रूपाला आंतरराष्ट्रीय मानकाचा मान मिळाला; आणि १० फेब्रुवारी १९९८ रोजी तिचे सुटसुटीत रूप एक्सएमएल म्हणून जाहीर झाले. मूळ कल्पना साधी आहे. मजकूर कसा दिसतो ते लिहू नका, तो काय आहे ते लिहा. ठळक अक्षर न म्हणता ‘शीर्षक’ म्हणा. मोकळी जागा न म्हणता ‘नवा रकाना’ म्हणा.

आणि नियम एकच, पण कडक. जो कंस उघडला तो मिटला पाहिजे, आणि शेवटी उघडलेला आधी मिटला पाहिजे. आक्काच्या फळीवर मोठ्या डब्यात मधला डबा, मधल्यात छोटा असे ठेवलेले असतात. छोट्याचे झाकण लावल्याखेरीज मधल्याचे लागत नाही, मधल्याचे लावल्याखेरीज मोठ्याचे नाही. (प्रत्येक डब्यावर चिठ्ठीही असते. ‘शंकरपाळे’ लिहिलेल्या डब्यात चकल्या निघाल्या ही गोष्ट वेगळी. चिठ्ठी खोटी असेल तर एक्सएमएलदेखील काही करू शकत नाही.) ज्या कायद्यात इस्लापूरचे नाव आहे त्याचीही बांधणी अशीच: कायद्यात भाग, भागात कलम, कलमात पोटकलम, पोटकलमात खंड, आणि त्या खंडाच्या पोटात आमचे इस्लापूर. हे डबे वरपासून खालपर्यंत नीट उघडत नेऊन काय कुठे आहे ते सांगणारा जो वाचक-प्रोग्राम, त्याला पार्सर म्हणतात.

आता गंमत पाहा. या पार्सरला नियमाने बजावलेले आहे की कंस चुकला, एक जरी चुकला, तरी पुढे वाचायचे नाही. चूक सांगायची आणि थांबायचे. संकेतस्थळांची पाने वाचणारे प्रोग्राम दयाळू असतात, चालवून घेतात. एक्सएमएलच्या कर्त्यांनी ठरवले की दया नको, कारण दयेमुळेच पुढे गोंधळ माजतो. हे मी दाजींना समजावून सांगितले, तेव्हा ते कडवट हसले. ‘म्हणजे माझ्यासारखाच मास्तर म्हणायचा हा.’ त्यांच्या फाईलचा शेवट तुटला होता. म्हणजे शेकडो झाकणे लावायची राहिली नव्हती, राहिली होती फक्त पाच-सात. तेवढ्यासाठी साडेतीनशे पाने शून्य गुणांनी नापास!

पण या कडक मास्तरांतही एक आहे ज्याला परीक्षेनंतर घरी गाठले तर तो ऐकतो. त्याचे नाव लिब-एक्सएमएल-२. डॅनिएल व्हेयार नावाच्या फ्रेंच गृहस्थाने तो लिहायला घेतला आणि नोम या मुक्त प्रणालीच्या आश्रयाने तो वाढला. त्याच्याबरोबर एक छोटे हत्यार येते, एक्सएमएल-लिंट. त्याला ‘रिकव्हर’ असे सांगितले, तर तो चुका बजावून दाखवतो, पण थांबत नाही. वाचता येईल तेवढे वाचतो आणि उघडी राहिलेली झाकणे आपल्या हाताने लावून देतो.

‘मग लाव की,’ मी म्हटले. भाची म्हणाली, ‘मामा, यात ते नाही.’ त्या जुन्या लिनक्समध्ये मूळ वाचक होता, हत्यार नव्हते. एरवी एका ओळीच्या हुकमाने ते कोठारातून येते, पण इतक्या जुन्या आवृत्तीचे कोठारच बंद झालेले. नांदेडला जाऊन करता आले असते. पण बापाला चार दिवस तसेच बसवून ठेवायची तिची तयारी नव्हती. ‘तयार मिळत नसेल तर घरी करू. मुक्त आहे ते.’

मुक्त म्हणजे फुकट असे आपण धरून चालतो. ते फुकट आहेच, पण मुख्य गोष्ट ती नव्हे. तयार चकली विकत मिळते तिच्याबरोबर भाजणीचे प्रमाण मिळत नाही. इथे प्रमाण मिळते, कृती मिळते, शिवाय डाळ-तांदूळही मिळतात. एमआयटी परवान्याखाली जो कोणी मागेल त्याला, आणि त्यात फेरफार करून विकायचीही मुभा. दुकान बंद झाले तरी चूल पेटवता येते.

नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान झाले, आणि उटण्याच्या वासातच भाची मोबाइल घेऊन गच्चीच्या कोपऱ्यात गेली, कारण तिथेच रेंज येते. सबंध वाचनसंच, अनेकांची पंचवीस वर्षांची मेहनत, दाबून बसवली तर चार एमबीहूनही लहान! आमच्या एका शेजाऱ्याने पाठवलेला दिवाळीच्या शुभेच्छांचा व्हिडिओ याहून मोठा होता.

उतरवून घेतल्यावर तिने लगेच सोडला नाही. प्रकाशकांनी एक लांबलचक आकडा दिलेला असतो, आणि आलेल्या गाठोड्यावरून आपल्याकडे तोच आकडा निघतो का ते ताडून पाहायचे असते. एक अक्षर इकडचे तिकडे झाले असेल तर आकडा पार बदलतो. ‘इतकं कशाला?’ दाजींनी विचारले. तिने सांगितले ते मला ऐकून ठाऊक होते, पण त्या घरात, त्या वेळी ते वेगळे वाटले. ज्या एक्सझी पद्धतीने हे गाठोडे दाबलेले होते, त्याच एक्सझीच्या साधनात २०२४ साली कोणीतरी चोरदरवाजा बसवला होता. दोन-अडीच वर्षे विश्वासू मदतनीस म्हणून राबून, थकलेल्या मूळ कर्त्याचा भार हलका करीत करीत. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला दूरच्या यंत्रात शिरताना अर्धा सेकंद जास्त लागतोय असे वाटले. तो अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने चोरी उघड केली. आणि हा चोर लपला होता कुठे? घडणीच्या गाठोड्यातच, चाचणीसाठी ठेवलेल्या निरुपद्रवी फायलींत. ‘आकडा जुळला म्हणजे चोर नाहीच असं नाही,’ भाची म्हणाली, ‘पण वाटेत कुणी हात घातला नाही एवढं कळतं.’ आकडा जुळला.

मग घडण सुरू झाली. पहिला टप्पा ‘कॉन्फिगर’. हा आक्कासारखा. अनारसे करायला बसण्यापूर्वी ती जशी एकेक डबा उघडून पाहते, गूळ आहे का, आहे. खसखस आहे का, आहे. तसा हा पडद्यावर ओळीमागून ओळ विचारत जातो: सी भाषेचा अनुवादक आहे का, आहे. तो चालतो का, चालतो. अमुक शीर्षफाईल आहे का, आहे. शंभरेक प्रश्न झाले आणि ‘पायथॉनची शीर्षफाईल नाही’ असे म्हणून अडून बसला. दाजींचा चेहरा उतरला. पण पायथॉन ही दुसरी संगणकभाषा. तिच्यातून हा संच वापरायचा असेल तरच ती लागते. भाचीने ‘पायथॉनवाचून’ एवढे जोडून पुन्हा हुकूम दिला. खसखस नसेल तर अनारसे होतच नाहीत असे थोडेच आहे? आक्काचे मत मात्र वेगळे पडले.

दुसरा टप्पा ‘मेक’. सी भाषेतल्या फायली एकेक करून यंत्राच्या भाषेत उतरायला लागल्या. जुन्या यंत्राचा पंखा एसटीसारखा घरघरू लागला. दाजी पडद्यासमोर बसून पुढे सरकणाऱ्या ओळी मोजत होते. आणि अर्ध्यावर आले असताना… होय, वीज गेली.

कोणी काही बोलले नाही. आक्काने पणत्या लावल्या. मला वाटले, आता पुन्हा पहिल्यापासून. वीज आल्यावर भाचीने तोच शब्द पुन्हा लिहिला, ‘मेक’. आणि काय आश्चर्य, झालेल्या फायलींना त्याने हातही लावला नाही! कच्च्या मालाची वेळ आणि तयार मालाची वेळ तो ताडून पाहतो. तयार माल नंतरचा असेल तर पुढे जातो. फक्त तुटायच्या क्षणी जी फाईल निम्मी लिहिली जात होती ती वेळेने ताजी दिसली तरी आतून अर्धी असणार, म्हणून भाचीने ती आधीच शोधून काढून टाकली होती. दाजी हे सारे टक लावून पाहत होते. ‘मी बी असंच करायला हवं होतं,’ ते म्हणाले. ‘वेगवेगळ्या फायली. अक्षरागणिक एक.’

तिसरा टप्पा ‘मेक इन्स्टॉल’, म्हणजे तयार माल फळीवर लावणे. तो झाला. भाचीने हत्याराचे नाव लिहिले, आणि यंत्र म्हणाले, लिब-एक्सएमएलची फाईल सापडत नाही! आता मात्र मीच चिडलो. आत्ता तर इथे ठेवली! भाची हसली. नवा डबा फळीवर ठेवला, पण घरच्या माणसांना कुठली फळी ते सांगायचे राहिले. त्यासाठी ‘एल्डीकॉन्फिग’ असा एक हुकूम असतो. तो दिला की यंत्र सगळ्या फळ्यांची यादी नव्याने करते. ज्याने ज्याने म्हणून घरी असे संच घडवले आहेत, त्याने या दगडावर एकदा ठेच खाल्लेली असते, असे तिने सांगितले. लक्ष्मीपूजनाची वेळ झाली होती. आक्काने हाक मारली, तेव्हा पुढचे काम तसेच ठेवून आम्ही पूजेला बसलो. त्या वर्षी लक्ष्मीपुढे वहीखात्यांऐवजी तो पेनड्राइव्ह होता.

रात्री नऊच्या सुमारास तिने ‘रिकव्हर’चा हुकूम दिला. आधी चुकांचा पाढा आला. शेवटची चूक अशी की मजकूर युनिकोडच्या नियमाने पुरा नाही. हे मी तिला फोड करून विचारले. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो वा मात्रा, साठवताना तीन बाइट घेते. दाजींची फाईल तुटली ती एका चिन्हाच्या मधोमध. ‘ल’ पुरा होता. त्याच्या पुढच्या चिन्हाचे दोन बाइट होते, तिसरा नव्हता. आणि काना की पहिली वेलांटी हे ठरते ते नेमके तिसऱ्या बाइटावर! मास्तरांच्या सबंध कोशाचा शेवट अशा रीतीने काना-वेलांटीवर अडला होता.

यंत्राने ते अर्धे चिन्ह टाकून दिले, उघडी झाकणे लावली आणि नवा कागद दिला. भाचीने तो एका कोऱ्या गाठोड्यात जुन्याच्या जागी बसवला आणि लिबरऑफिसला दाखवला. क्षणभर पडदा पांढरा राहिला. मग तक्ता उमटला. सहा रकाने. शब्द, अर्थ, गोंडी, सांगणारा, पोड, तारीख. दाजी खाली खाली जात राहिले. मध्येच थांबून एक नाव वाचायचे आणि ‘ही गेली’ म्हणायचे. पुन्हा खाली जायचे. ‘हा बी गेला.’ आक्का येऊन त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिली होती. तिला वाचता येते, पण चष्मा नव्हता, म्हणून ती फक्त ऐकत होती.

‘अ’ पासून ‘र’ पर्यंत सारे आले. ‘ल’ चा एक अर्धा शब्द. ‘व’ पासून ‘ह’ पर्यंतचे गेले. त्यातले किती गेले ते दाजी बोटांवर मोजू लागले आणि मग त्यांनी मोजायचे सोडून दिले.

जेवताना भाचीने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला तेव्हापासून सतावते आहे. हा वाचनसंच ब्राउझरांत आहे, फोनांत आहे, जगातल्या बड्या बड्या कंपन्यांच्या मालात आहे. तो सांभाळणारा निक वेल्नहोफर नावाचा गृहस्थ मात्र कित्येक वर्षे हे काम फावल्या वेळात, बहुतांशी पगारावाचून करीत होता. कंपन्यांचे लोक त्यात दोष शोधायचे आणि ‘गुप्त ठेवा, लवकर दुरुस्त करा’ अशा चिठ्ठ्या पाठवायचे. पैसा मात्र क्वचितच कोणी पाठवायचे. २०२५ च्या जूनमध्ये त्याने जाहीर केले की यापुढे असल्या दोषांना वेगळी घाई नाही, गुप्तता नाही. इतर चुकांच्या रांगेत त्याही. त्याच वर्षी पुढे त्याने हा भार खाली ठेवला. मला विचाराल तर त्याने ते फार उशिरा केले. गावची विहीर एकट्याने उपसायची आणि पाणी गढूळ म्हणून कारखानदारांची बोलणीही एकट्याने खायची, हा कुठला न्याय? दाजी जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, ‘त्याला पत्र लिहिता येईल का गं?’ भाचीने रात्रीच चार ओळी लिहून दिल्या. त्यात काय लिहिले ते मला दाखवले नाही. पण ‘इस्लापूर’ हा शब्द इंग्रजीत कसा लिहायचा यावर बापलेकीचा बराच वेळ वाद चालला होता.

पाडव्याला कोशाच्या तीन प्रती झाल्या. एक घरी, एक भाचीबरोबर नांदेडला, एक माझ्या पिशवीत. दाजींनी आधी कुरकुर केली, ‘छापण्याआधीच वाटायचं?’ मग माझ्या पिशवीत ती नीट ठेवली आहे का, हे त्यांनी दोनदा पाहिले.

भाऊबीजेला ओवाळणी झाली, आणि आमची बस दुपारची होती. पाहतो तो दाजी अंगणात स्कूटर पुसत होते. खिशात नवी वही. भाचीने तिच्या पहिल्या पानावर गेलेली अक्षरे लिहून दिली होती: ल, व, श, स, ह. कोणाकडे जायचे याची नावेही त्यांनी शेवटच्या तीन वह्यांतून काढली होती. एक म्हातारी, जिच्या तोंडचा तो ‘ल’ चा शब्द आपण उतरवला होता असे त्यांना आठवत होते, ती अजून आहे, असे त्यांना बाजारात कळले होते.

‘काना होता का वेलांटी, तेवढं विचारून येतो,’ ते मला म्हणाले. आक्का लगबगीने बाहेर आली आणि तिने चिवड्याचा पुडा त्यांच्या हँडलला अडकवला. ‘तिला दात नाहीत,’ दाजी म्हणाले. आक्का आत गेली आणि पुडा बदलून आणला.